खानदेशातील अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य आणि फॉस्फरसची गरज : प्रस्तावना

अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाकाठी लागणारा उपयोगी फॉस्फरस पाव ग्रॅमच्या आसपास असतो. तरीही ऊर्जा आणि प्रथिने यांच्या खालोखाल खाद्याच्या खर्चात भर घालणारा घटक म्हणून पशुपोषणशास्त्रात त्याचीच गणना होते. तो कमी पडला तर कोंबडीची भूक मंदावते, अंडी घटतात आणि हाडे झिजतात. तो जास्त झाला तर अंड्याचे कवच पातळ होण्याकडे कल वाढतो, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि विकत घेतलेल्या खनिजाचा मोठा भाग विष्ठेवाटे पिंजऱ्याखाली जाऊन पडतो. पोल्ट्री व्यावसायिकाला हा घटक कमी पडण्याची भीती जितकी वाटते तितकी तो जास्त होण्याची वाटत नाही, आणि त्यामुळे व्यवहारातील खाद्यसूत्रे पिढ्यान्‌पिढ्या गरजेच्या बरीच वर राहिली आहेत. कोंबडीची फॉस्फरसची गरज खाद्याच्या गोणीवरील टक्केवारीत मोजता येत नाही. ती एका पक्ष्याने एका दिवसात प्रत्यक्ष खाल्लेल्या आणि आतड्यातून शोषलेल्या मिलिग्रॅममध्येच मोजावी लागते. हे मिलिग्रॅम प्रदेशाचे धान्य, प्रदेशाचे ऊन आणि पक्ष्याची जात यांनुसार बदलतात. प्रस्तुत विवेचनाचे हेच मुख्य प्रतिपादन असून जळगाव आणि धुळे हे जिल्हे त्याचे क्षेत्र म्हणून निवडण्याचे कारणही त्यातच आहे.

खानदेश या जुन्या जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे हे जिल्हे बनले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतील हा काळ्या मातीचा प्रदेश कापूस आणि केळी यांसाठी ओळखला जात असला, तरी कोंबडीखाद्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व येथे पिकणाऱ्या मक्यात आणि येथील प्रक्रिया उद्योगांत आहे. दोंडाईचा येथे मक्यापासून स्टार्च काढला जातो, जळगावच्या डाळमिलांतून चुनी आणि टरफले निघतात, तर जिनिंग आणि तेलगिरण्यांतून सरकीची पेंड मिळते. अंड्यांसाठीच्या व्यावसायिक कोंबडीपालनाचे सर्वांत दाट केंद्र मात्र पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि आता नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या नवापूर परिसरात वाढले. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला अधिकृत उद्रेक याच नवापुरात नोंदला गेला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले; पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांतल्या परसातील कोंबड्यांमध्येही तो रोग आढळला. पिंजऱ्यांतील हजारो संकरित पक्षी आणि अंगणात चरणाऱ्या गावठी कोंबड्या ही खानदेशातील कोंबडीपालनाची दोन अगदी भिन्न रूपे त्या आपत्तीत एकाच वेळी ठळकपणे समोर आली. फॉस्फरसच्या बाबतीतही या दोन्ही रूपांच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

फॉस्फरस हा सजीवांच्या शरीरात मुक्त स्वरूपात कधीच आढळत नाही. तो ऑक्सिजनशी संयोग पावून फॉस्फेटच्या रूपात असतो. कोंबडीच्या शरीरातील एकूण फॉस्फरसपैकी सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक भाग हाडांत कॅल्शियमशी बांधलेला असतो आणि हाडाला कठीणपणा देणाऱ्या या खनिजाला हायड्रॉक्सीॲपेटाइट म्हणतात. उरलेला भाग थोडा असला तरी पेशीतील ऊर्जेची देवाणघेवाण, पेशीपटलांची रचना, आनुवंशिक द्रव्य आणि रक्ताचे आम्ल-अल्क संतुलन ही सर्व कामे त्याच्यावर अवलंबून असतात. अंड्यात फॉस्फरस कोठे जातो याविषयी मात्र सर्वसाधारण समजूत वस्तुस्थितीच्या उलट आहे. कवच हे जवळजवळ ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटचे असते, म्हणजे त्यात कॅल्शियम २ ग्रॅमहून अधिक असते, तर फॉस्फरस जेमतेम २० मिलिग्रॅमच्या घरात. अंड्यातील फॉस्फरसचा मोठा वाटा पिवळ्या बलकात असतो. तेथे तो लेसिथिनसारख्या स्निग्ध द्रव्यांत आणि फॉस्विटिन नावाच्या प्रथिनात साठवलेला असतो आणि या प्रथिनाच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा फॉस्फरसचाच असतो. कवचासह एका मध्यम अंड्यातून कोंबडीच्या शरीराबाहेर जाणारा फॉस्फरस साधारण १२० मिलिग्रॅम भरतो.

कवचात फॉस्फरस जवळपास नसतानाही कवचाच्या दर्जाशी त्याचा एवढा निकटचा संबंध का येतो, याचे उत्तर पक्ष्यांच्या एका खास शरीररचनेत आहे. मादी पक्ष्याच्या लांब हाडांच्या पोकळीत अंडी देण्याच्या काळात एक तात्पुरती, सहज विरघळणारी हाडाची जाळी तयार होते. तिला मज्जास्थी म्हणतात आणि कबुतरांमध्ये तिचे वर्णन १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. तलंगेच्या शरीरात पहिल्या अंड्याच्या सुमारे दोन आठवडे आधी स्त्रीसंप्रेरकाच्या प्रभावाने ही जाळी बनू लागते. अंडे कवचग्रंथीत १८ ते २० तास राहते आणि त्यातील बराचसा काळ रात्रीचा, म्हणजे कोंबडी काहीही खात नसण्याचा असतो. अशा वेळी आतड्यातून येणारे कॅल्शियम अपुरे पडले की मज्जास्थी विरघळते आणि कॅल्शियम रक्तात सोडते. हाडातून कॅल्शियम एकटे सुटत नाही, त्याच्याबरोबर फॉस्फेटही बाहेर पडते. कवचाला त्याचा उपयोग नसल्याने ते मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकले जाते. दुसऱ्या दिवशी ही जाळी पुन्हा बांधायची झाली की कॅल्शियमसोबत फॉस्फरसही नव्याने लागतो. म्हणजे कोंबडीची फॉस्फरसची गरज अंड्यातून जाणाऱ्या फॉस्फरसपुरती मर्यादित नसून रात्री मोडलेले हाड दिवसा पुन्हा उभारण्याच्या या चक्रावरही अवलंबून असते. चुनखडीचे भरड कण किंवा शिंपल्यांचा चुरा खाद्यात असेल तर ते पेषणीत रात्रभर हळूहळू विरघळत राहतात, हाडांवरचा भार कमी होतो आणि पर्यायाने फॉस्फरसचीही बचत होते. कॅल्शियमच्या कणांचा आकार फॉस्फरसच्या हिशोबात धरावा लागतो तो यामुळे.

हे चक्र दीर्घकाळ तोट्यात चालले तर मज्जास्थीबरोबर शरीराचा भार पेलणारे मूळ हाडही झिजू लागते. पिंजरा पद्धत रूढ झाल्यावर १९५० च्या दशकात अमेरिकेत भरपूर अंडी देणाऱ्या कोंबड्या एकाएकी पायांवर उभ्या राहीनाशा झाल्याची वर्णने प्रसिद्ध झाली आणि त्या विकाराला पिंजऱ्यातील थकवा असे नाव पडले. गादी पद्धतीत, म्हणजे तुसाच्या जाड थरावर वाढणाऱ्या कोंबडीला तूस उकरताना विष्ठेतील काही फॉस्फरस पुन्हा मिळत असे, पिंजऱ्यात ती वाटही बंद झाली. याच्या उलट टोकाला तलंगांना वेळेआधीच अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य देण्याची चूक असते. तीन टक्क्यांहून अधिक कॅल्शियम असलेले असे खाद्य वाढत्या पक्ष्याला आठवडेच्या आठवडे मिळाले आणि त्या मानाने फॉस्फरस कमी राहिला, तर मूत्रपिंडांत खडे धरतात आणि त्याचे परिणाम पुढे ऐन उत्पादनाच्या काळात मरतुकीच्या रूपाने दिसतात. दोन्ही खनिजे एकमेकांच्या प्रमाणात मोजावीत, हा नियम येथून येतो.

गरजेचे मोजमाप करताना फॉस्फरसचे तीन वेगवेगळे आकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि बहुतेक घोटाळ्यांचे मूळ त्यातच आहे. प्रयोगशाळेत खाद्य जाळून आलेल्या राखेत जो मिळतो तो एकूण फॉस्फरस. वनस्पतींच्या बियांत फॉस्फरसचा सुमारे दोन तृतीयांश भाग फायटिक आम्ल या संयुगात अडकलेला असतो. या संयुगाच्या प्रत्येक रेणूत सहा फॉस्फेट गट असतात आणि त्याचे लवण म्हणजे फायटेट. कोंबडीच्या आतड्यात हा सांधा तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, फार थोडे असते. म्हणून फायटेट वगळून उरणाऱ्या भागाला फायटेटमुक्त फॉस्फरस म्हणतात आणि व्यवहारात तोच उपयोगी फॉस्फरस धरला जातो. तिसरा आकडा पचनीय फॉस्फरसचा, म्हणजे आतड्यातून प्रत्यक्ष शोषल्या गेलेल्या भागाचा असतो. तो सर्वांत काटेकोर असला तरी त्यासाठी पक्ष्यांवर प्रत्यक्ष चाचण्या घ्याव्या लागतात. ज्वारीने भरलेले पण तोंड लिंपलेले पेव घरात असावे आणि घरची माणसे मात्र बाजारातून धान्य आणत राहावीत, तशी मका-सोयाबीनवर पोसलेल्या कोंबडीची स्थिती असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पोषणमानकांत पांढरी अंडी देणाऱ्या कोंबडीची फायटेटमुक्त फॉस्फरसची गरज दिवसाला २५० मिलिग्रॅम आणि कॅल्शियमची ३.२५ ग्रॅम सांगितली आहे. तेथील तक्ता विशेष बोलका आहे, कारण त्यात एकच टक्केवारी न देता कोंबडी रोज ८०, १०० किंवा १२० ग्रॅम खाद्य खात असेल तर फॉस्फरस अनुक्रमे ०.३१, ०.२५ आणि ०.२१ टक्के असावा असे दिले आहे. गरज तीच राहते, तिला वाहून नेणारे खाद्य मात्र कमीजास्त होते, हे तत्त्व त्या तीन आकड्यांत मांडलेले आहे. आजच्या संकरित जातींच्या पैदासकारांच्या पुस्तिकांत सुचवलेला उपयोगी फॉस्फरस याहून बराच वर, ऐन उत्पादनाच्या काळात पुष्कळदा ४०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. एक मानक किमान गरज सांगते, दुसरे सुरक्षिततेची पुरचुंडी बांधून देते. या दोहोंमधील अंतर किती असावे हाच व्यवहारातील खरा प्रश्न आहे.

खानदेशात सहज उपलब्ध होणाऱ्या कच्च्या मालावर हा हिशोब मांडला की प्रश्नाचे स्वरूप उघड होते. मक्यात एकूण फॉस्फरस सुमारे ०.२८ टक्के असतो, त्यातील फायटेटमुक्त भाग अवघा ०.०८ टक्के. मध्य प्रदेश आणि विदर्भातून येणाऱ्या सोयाबीनच्या तेल काढलेल्या पेंडीत, जिला व्यवहारात डीओसी म्हणतात, एकूण फॉस्फरस ०.६५ टक्क्यांच्या आसपास आणि फायटेटमुक्त ०.२५ टक्क्यांच्या घरात असतो. एक किलो खाद्यात ६०० ग्रॅम मका आणि २३० ग्रॅम सोयाबीन पेंड धरली, तर या दोहोंतून एकूण फॉस्फरस ३ ग्रॅमहून थोडा अधिक मिळतो, उपयोगी मात्र जेमतेम १ ग्रॅम. कोंबडी रोज ११० ग्रॅम खाद्य खात असेल तर तिच्या वाट्याला सुमारे ११५ मिलिग्रॅम उपयोगी फॉस्फरस येतो. २५० मिलिग्रॅमची गरज भागवण्यासाठी उरलेले १३५ मिलिग्रॅम डायकॅल्शियम फॉस्फेटमधून, म्हणजे बाजारातील डीसीपीतून, द्यायचे ठरवले आणि त्यात १८ टक्के फॉस्फरस धरला, तर टनामागे सुमारे ७ किलो डीसीपी पुरते. ४०० मिलिग्रॅमचे लक्ष्य ठेवले तर हेच प्रमाण टनामागे साडेचौदा किलोवर जाते. कोणते मानक धरले यावर डीसीपीचा खर्च निम्मा किंवा दुप्पट होतो, आणि दोन्ही बाजूंनी शास्त्राचा दाखला देता येतो.

मका आणि सोयाबीन सोडून स्वस्त पर्यायांकडे वळले की एकूण फॉस्फरसचा आकडा अधिकच फसवा ठरतो. तांदळाच्या कोंड्यात एकूण फॉस्फरस दीड टक्क्याच्या आसपास आणि सरकीच्या पेंडीत एक टक्क्याच्या जवळपास असतो, परंतु त्याचा मोठा भाग फायटेटमध्येच बांधलेला असतो. सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल हे रंगद्रव्य बलकाला हिरवट तपकिरी छटा आणते, म्हणून अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात तिचा वापर तसाही मर्यादित ठेवावा लागतो. गव्हाच्या कोंड्याची गोष्ट निराळी आहे: गव्हाच्या दाण्यात फायटेट फोडणारे विकर नैसर्गिकरीत्याच बऱ्यापैकी असते, मक्यात ते नगण्य असते. दोन खाद्यांचा एकूण फॉस्फरस सारखा असूनही कोंबडीला त्यांतून सारखा लाभ का होत नाही, याची उकल या फरकातून होते. डाळीची चुनी आणि टरफले यांचा तंतूमय भाग जास्त असल्याने त्यांना कोंबडीखाद्यात दुय्यमच जागा राहते. मासळीची भुकटी मात्र हाडांमुळे उपयोगी फॉस्फरसने समृद्ध असते. समुद्रकिनाऱ्यापासून दूर असलेल्या खानदेशात ती आणताना वाहतूक, मीठ आणि भेसळ या तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

खानदेशाच्या बाबतीत सर्वांत निर्णायक ठरणारा घटक उन्हाळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव आणि भुसावळ परिसरात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून शरीर थंड ठेवते आणि पचनातून निर्माण होणारी उष्णता टाळण्यासाठी खाणे कमी करते. वरील उदाहरणातील कोंबडीचे खाद्य ११० वरून ९० ग्रॅमवर आले, तर टनामागे ७ किलो डीसीपी असलेल्या खाद्यातून तिला २१० मिलिग्रॅमच्या आसपासच उपयोगी फॉस्फरस मिळेल, म्हणजे हिवाळ्यात पुरेसे ठरलेले सूत्र मे महिन्यात तोकडे पडेल. साडेचौदा किलोच्या सूत्रात मात्र ९० ग्रॅम खाद्यातूनही ३३० मिलिग्रॅम मिळत राहतील. वर्षभर एकच सढळ सूत्र वापरण्यामागे असा एक व्यवहारी शहाणपणा आहे, परंतु त्याची किंमत उरलेले आठ-नऊ महिने मोजावी लागते. ऋतूनुसार सूत्र बदलणे हा त्यावरचा काटेकोर उपाय आहे, आणि त्यासाठी रोजच्या खाद्यभक्षणाची नोंद हवी.

उन्हाळ्यात पातळ कवचाच्या आणि तडकलेल्या अंड्यांचे प्रमाण वाढते, तेव्हा अनेकदा खाद्यातील डीसीपी वाढवले जाते. हा उपाय उलट दिशेने जाणारा आहे. धापा टाकताना कोंबडीच्या शरीरातून कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्त अल्कधर्मी होते, कवच बांधण्यासाठी लागणारी कार्बोनेटची सामग्री आणि रक्तातील मोकळे कॅल्शियम दोन्ही कमी होतात. कवच पातळ होते ते यामुळे. फॉस्फरसच्या टंचाईमुळे नव्हे. रक्तात फॉस्फेट जास्त झाले तर हाडातून कॅल्शियम सुटण्याची क्रिया मंदावते आणि कवचाची स्थिती आणखी बिघडते. म्हणून उन्हाळ्यात फॉस्फरसची टक्केवारी वाढवायची ती केवळ घटलेल्या खाद्याची भरपाई होऊन मिलिग्रॅम पूर्ववत राहतील इतकीच, त्यापुढे नाही. बाकीचे काम पहाटे आणि संध्याकाळी खाद्य देणे, थंड पाणी, छपरावर ओला बारदाना आणि खेळती हवा यांनी करायचे असते.

फायटेटमध्ये अडकलेला फॉस्फरस मोकळा करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास एका शतकाहून जुना आहे. भाताच्या कोंड्यात फायटेट फोडणारे फायटेज नावाचे विकर असल्याचे जपानी संशोधकांनी १९०७ मध्ये दाखवले. ॲस्परजिलस या बुरशीच्या प्रजातींपासून काढलेले विकर पिलांच्या खाद्यात मिसळल्यास फायटेटमधील फॉस्फरस हाडांपर्यंत पोहोचतो, हे १९६८ ते १९७१ या काळातील अमेरिकेतील प्रयोगांतून सिद्ध झाले; मात्र तेव्हा विकर महाग आणि डीसीपी स्वस्त असल्याने त्याचा व्यापार उभा राहिला नाही. तो उभा राहिला १९९० च्या दशकाच्या आरंभी नेदरलँड्समध्ये, कारण तेथे जनावरांच्या विष्ठेतील फॉस्फरसमुळे जमीन आणि पाणी दूषित होऊ लागले होते आणि खत पसरवण्यावर कायद्याने मर्यादा आल्या होत्या. भारतात फायटेज आले ते प्रदूषणाच्या धाकापेक्षा डीसीपीच्या वाढत्या किमतीमुळे. त्याची मात्रा एफटीयू या एककात मोजतात: ५.५ सामू आणि ३७ अंश तापमानाला मिनिटाला एक मायक्रोमोल फॉस्फेट मोकळे करणारी क्रियाशीलता म्हणजे एक एफटीयू.

अंड्यावरील कोंबड्यांसाठी किलोमागे सुमारे ३०० एफटीयू फायटेज साधारणतः ०.१ टक्का उपयोगी फॉस्फरस मोकळा करते असे धरले जाते. वरच्या हिशोबातील ११० ग्रॅम खाद्यात याचा अर्थ ११० मिलिग्रॅम होतो आणि २५० मिलिग्रॅमचे लक्ष्य असेल तर डीसीपी टनामागे सव्वा किलोपर्यंत खाली आणता येते. कागदावर हे गणित मोहक वाटते, प्रत्यक्षात त्याला तीन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा अशी की अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते आणि जास्त कॅल्शियम फायटेटशी जोडले जाऊन विकराला दाद न देणारी न विरघळणारी संयुगे बनवते. दुसरी मर्यादा साठवणुकीची आहे: खानदेशात लेयर खाद्य बहुधा दळलेल्या मॅशच्या रूपात दिले जात असल्याने पेलेट बनवताना लागणाऱ्या उष्णतेत विकर नष्ट होण्याचा धोका टळतो, परंतु पत्र्याच्या गोदामात उन्हाळाभर पडून राहिलेल्या आणि खनिजांशी आधीच मिसळून ठेवलेल्या विकराची क्रियाशीलता घटते. तिसरी मर्यादा मिश्रणाची आहे, कारण टनात काही ग्रॅमच टाकायच्या पदार्थाचे समान मिश्रण हाताने फावड्याने होऊ शकत नाही. ते आधी थोड्या कोंड्यात मिसळून मग मोठ्या मिश्रकात घालावे लागते.

डीसीपी हे खनिज कोठून येते याकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. ते एकतर फॉस्फेटयुक्त खडकावर आम्लाची प्रक्रिया करून बनते किंवा जिलेटिन उद्योगात हाडे हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवल्यावर निघणाऱ्या द्रावणातून चुन्याने साका पाडून मिळते. भारतात फॉस्फेट खडकाचा मोठा साठा उदयपूरजवळील झामरकोटडा येथे आहे, तरी देशाची बरीचशी गरज आयातीवर भागते. या खडकात फ्लोरिन असते. ते काढून न टाकता खडकाची भुकटी खाद्यात वापरली तर हाडे आणि मूत्रपिंडे यांना इजा होते. शेतकऱ्याच्या घरात असलेली डीएपी किंवा सुपर फॉस्फेटची गोणी कोंबडीखाद्यात कदापि वापरू नये, ती याच कारणाने. शिवाय दोन्ही गोण्यांवरील आकड्यांची भाषा वेगळी असते. खताच्या गोणीवरील स्फुरद हे फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात सांगितलेले असते आणि त्याला ०.४४ ने गुणल्यावरच मूळ फॉस्फरस मिळतो. म्हणजे ४६ टक्के स्फुरद असलेल्या डीएपीत प्रत्यक्ष फॉस्फरस २० टक्केच असतो. डीसीपीत चुनखडीची भेसळ झाल्याची शंका आली तर एक सोपी चाचणी उपयोगी पडते: शुद्ध डीसीपी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात शांतपणे विरघळते, चुनखडी असेल तर फसफसून बुडबुडे येतात. अंतिम निर्णय मात्र प्रयोगशाळेच्या अहवालावरच घ्यावा.

सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा आणि शिरपूर या तालुक्यांतील भिल्ल, पावरा आदी कुटुंबांच्या अंगणातील गावठी कोंबडीला वरीलपैकी बहुतेक हिशोब लागू होत नाहीत. ती वर्षाला ६० ते ८० अंडी देते, तीही थांबून थांबून, आणि मध्ये खुडूक बसते. या विश्रांतीच्या काळात तिची हाडे पुन्हा भरून येतात. किडे, गांडुळे, कोवळे गवत, सांडलेले धान्य आणि मातीतील खडे यांतून तिला खनिजे मिळत राहतात, आणि कीटकांतील फॉस्फरस फायटेटमध्ये बांधलेला नसतो. अडचण सुरू होते ती गिरिराज, वनराज किंवा ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जाती त्याच अंगणात आल्यावर. वर्षाला दीडशे-दोनशे अंडी देण्याची क्षमता असलेल्या पक्ष्याला भरडलेली ज्वारी किंवा मका एवढ्यावरच ठेवले तर तो आपल्या हाडांच्या जीवावर अंडी देतो आणि काही महिन्यांत बसतो. अशा पक्ष्यांना व्यावसायिक खाद्य परवडत नसेल तर किमान शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात आणि धान्याबरोबर थोडे खनिज मिश्रण देण्याची शिफारस पुढील प्रकरणांत केली आहे, कारण सुधारित जातीबरोबर सुधारित आहारही गेला नाही तर ती योजना अर्धीच राहते.

फॉस्फरसचा हिशोब कोंबडीपाशी संपत नाही. टनामागे साडेचौदा किलो डीसीपी असलेल्या खाद्यात एकूण फॉस्फरस ०.५८ टक्क्यांच्या आसपास भरतो. एक कोंबडी वर्षाला साधारण ४० किलो खाद्य खाते असे धरल्यास तिच्या पोटात २३० ग्रॅम फॉस्फरस जातो, ३१० अंड्यांतून सुमारे ३७ ग्रॅम बाहेर पडतो आणि जवळजवळ सर्व उरलेला, म्हणजे १९० ग्रॅमहून अधिक, विष्ठेत जातो. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमधून अशा रीतीने वर्षाला १.९ टनांच्या वर फॉस्फरस खताच्या ढिगात पडतो. खताच्या भाषेत तो ९ ते १० टन डीएपीतील स्फुरदाइतका होतो. डीसीपी निम्म्यावर आणले तर त्याच शेडमध्ये वर्षाला सुमारे ३ टन डीसीपी वाचते. कापूस आणि केळी घेणाऱ्या शेतकऱ्याला कोंबडीखत हवेच असते, परंतु खानदेशातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत विद्राव्य फॉस्फेटचा बराच भाग कॅल्शियमशी बांधला जाऊन पिकाला लगेच मिळत नाही, आणि केळीला तर स्फुरदापेक्षा पालाशाची भूक कितीतरी मोठी असते. तेव्हा कोंबडीच्या खाद्यातील जादा फॉस्फरस शेतात उपयोगी पडतोच, हे समर्थन अर्धेच खरे आहे. उदयपूरच्या किंवा परदेशातील खाणीतून काढलेले, आम्लाने शुद्ध केलेले, खाद्याच्या दराने विकत घेतलेले खनिज कोंबडीच्या आतड्यातून नुसतेच पार करून खताच्या दराने जमिनीत घालणे हा महागडा मार्ग आहे.

या सर्व विवेचनाचा रोख एखादे सर्वकालीन सूत्र सांगण्याकडे नाही. मानकांतील २५० मिलिग्रॅम आणि पुस्तिकांतील ४०० मिलिग्रॅम यांच्या मध्ये कोठे थांबायचे हे प्रत्येक शेडमध्ये चार नोंदींवरून ठरू शकते: प्रत्येक कोंबडीमागे रोजचे सरासरी खाद्यभक्षण, दर महिन्याला खाद्याच्या नमुन्यातील कॅल्शियम व एकूण फॉस्फरसची तपासणी, तडकलेल्या आणि पातळ कवचाच्या अंड्यांची टक्केवारी, आणि मेलेल्या किंवा मोड म्हणून काढलेल्या पक्ष्यांच्या हाडांचा कठीणपणा. खाद्यभक्षणाला सूत्रातील उपयोगी फॉस्फरसने गुणले की रोजचे मिलिग्रॅम मिळतात. ते ३०० च्या वर स्थिर आहेत, हाडे भक्कम आहेत आणि कवचही चांगले आहे असे दिसले तर डीसीपी एकदम न तोडता टनामागे एकेक किलोने कमी करत जावे, आणि प्रत्येक कपातीनंतर काही आठवडे थांबून पुढचे पाऊल टाकावे. मार्च उजाडला की हा क्रम थांबवून घटत्या खाद्यभक्षणाप्रमाणे टक्केवारी वर न्यावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील कृषी विज्ञान केंद्रे आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ यांच्या मदतीने नवापूरपासून रावेरपर्यंतच्या शेडमधील अशा नोंदी एकत्र झाल्या, तर परदेशी मानके आणि पैदासकारांच्या पुस्तिका यांच्या शेजारी खानदेशाच्या उन्हात आणि खानदेशाच्या मक्यावर मोजलेला तिसरा स्तंभ लिहिता येईल. पुढील प्रकरणे त्या स्तंभासाठी लागणारी मोजमापाची रीत क्रमाने सांगतात.